टिकल्यांच्या पाकिटातली चिठ्ठी

मला कुणाचाही संशय येतो. दूधवाला नेहमीपेक्षा गोड बोलला की मी पातेल्यात बोट बुडवून बघतो. शेजाऱ्यानं गाडी उलट्या तोंडानं लावली की आज हा कुठं निघाला, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. बायको म्हणते, "तुमच्यासंगं संसार म्हंजे रोज बोर्डाची परीक्षा." ती हे हसत म्हणते, पण म्हणताना माझ्याकडं बघत नाही, हेही मी टिपून ठेवलेलं आहे.

नांदेडच्या एका ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. पण चार माणसांत माझी ओळख भरारी पथकातला माणूस अशीच आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत जीप घेऊन अचानक एखाद्या केंद्रावर धडकायचं आणि कॉप्या पकडायच्या, हे काम मी अकरा वर्षं केलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. वर्गात शिरलो की चाळीस पोरांमधून नेमका चोर मी दारातूनच हेरायचो. चिठ्ठी लपवणाऱ्याचा हात चिठ्ठीकडं जात नाही, उलट तिथून जरा लांबच राहतो. पेनाच्या टोपणात, घड्याळाच्या पट्ट्याखाली, चपलेच्या तळव्यात, एकदा तर पायाच्या खोट्या प्लास्टरमध्ये, मी सगळीकडून कागद काढलेले आहेत. पोरं रडायची, पाया पडायची. मी म्हणायचो, "हात वर कर आणि तसाच उभा राहा."

हे सगळं सांगायचं कारण असं, की माझी सगळ्यात मोठी कॉपी मी माझ्याच घरात पकडली.

आम्ही दोघंच भावंडं. बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई-वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती, त्यामुळं तिचं लग्न मीच करून दिलं आणि तिचं माहेर म्हणजे मीच झालो. स्थळ लातूरचं. मुलगा अभ्यासिका चालवायचा. बारावीची आणि पुढच्या परीक्षांची पोरं तिथं दिवसभर खाली माना घालून बसायची आणि भिंतीवर जागोजागी 'शांतता राखा' लिहिलेलं. दाजींचा आवाजही तसाच होता. इतकं हळू बोलायचे की ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागे. घरी आले की माझ्या पाया पडायचे. बहिणीच्या नवऱ्यानं पाया पडायची आपल्याकडं रीत नाही, मी मागं सरायचो. ते म्हणायचे, "सर, तुम्ही मला वडिलांच्या ठिकाणी." सगळ्या जगावर संशय घेणारा मी, या माणसावर मात्र कधी घेतला नाही. मला 'सर' म्हणत होता ना!

लग्नाला तीन वर्षं झाली आणि दाजींचे फोन यायला लागले. आधी महिन्याला, मग आठवड्याला. बहिणीचं डोकं ठिकाणावर राहत नाही म्हणाले. गॅस चालू ठेवते. किल्ल्या हरवते आणि मी हरवल्याच नाहीत म्हणून भांडते. काहीबाही कागदावर लिहून लपवून ठेवते. "सर, मला तिचं वाईट करायचं नाही. पण तुम्ही जाणकार माणूस आहात. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. पंचमीला येईल तेव्हा जरा लक्ष ठेवा."

तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. हे वाक्य मी दोन दिवस मनात घोळवलं. बायकोलाही ऐकवलं. ती भांडी विसळत होती, तिनं नळ बंद केला आणि विचारलं, "अन् ताईला काही विचारलं का तुम्ही?" मी म्हणालो, वेड्या माणसाला वेडाबद्दल विचारून काय कळणार? तिनं नळ परत चालू केला.

नागपंचमीला लेक माहेरी आणायची म्हणजे कुणालातरी मुराळी म्हणून जावं लागतं. मुराळी म्हणजे मीच. मुराळ्याचा सासरी मान असतो, पण त्याला बसवतात बैठकीत, पुरुषांमध्ये. गोडधोड खायचं, टोपी-टॉवेल घ्यायचा आणि बहीण तयार होऊन बाहेर आली की घेऊन निघायचं. इतकी वर्षं तिच्या घरी जात होतो, पण तिचं स्वयंपाकघर मी एकदाही बघितलं नव्हतं.

नांदेडला आल्यावर मी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. ती वाळली होती. गॅसचं बटण बंद करून परत जाऊन बघायची. कुणी हाक मारली की दचकायची. मला वाटलं, दाजी म्हणाले ते खरंच आहे. आणि मग मला ते दिसलं. तिची पर्स खुंटीला होती. जाता-येता ती पर्सपासून हातभर लांबून जायची, आणि पर्सकडं बघायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बायकोबरोबर वारुळाला गेली तेव्हा मी पर्स उतरवली. रुमाल, कंगवा, बसचं तिकीट, टिकल्यांची तीन पाकिटं. दोन पाकिटं सपाट होती. तिसरं जरा फुगलेलं. मला अजूनही आठवतं, त्या क्षणी मला आनंद झाला होता. लाज वाटते, पण झाला होता. पाकिटाच्या आतल्या पुठ्ठ्यामागं कॅलेंडरच्या कागदाचा बोटभर तुकडा होता आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं.

"सोमवार. दूध फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी पातेलं ओट्याखाली. मी ठेवलं नाही.
मंगळवार. गॅस बंद केला. दोनदा बघितला. ते म्हणाले चालू होता.
बुधवार. कपाटाची किल्ली माझ्या हातानं खिळ्याला लावली. किल्ली नाही.
गुरुवार. किल्ली माझ्याच पर्समध्ये निघाली. ते हसले.
शुक्रवार. काही झालं नाही. ते बाहेरगावी."

मी मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि दाजींना पाठवून दिला. खाली लिहिलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'धन्यवाद सर', आणि हात जोडल्याचं चित्र.

ती घरी आली तेव्हा चिठ्ठी टेबलावर ठेवून मी तिला समोर बसवलं. मी केंद्रावर बोलतो त्याच आवाजात विचारलं, "हे काय हाय?" तिनं चिठ्ठीकडं बघितलं, मग उघड्या पर्सकडं, मग माझ्याकडं. पोरं रडतात, पाया पडतात, ही काहीच करत नव्हती. त्यावरूनही मी माझा निष्कर्ष काढला. संध्याकाळच्या आत दाजी गाडी घेऊन दारात हजर झाले आणि माहेरपणाचे तीन दिवस राहिलेले असताना तिला घेऊन गेले. गाडीत बसताना तिनं वहिनीच्या गळ्यात हात टाकला. माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर तिचा आवाज ऐकला नाही. फोन केला की दाजी उचलायचे. "झोपलीय सर, गोळ्या चालू आहेत." दिवाळीला आणायला येतो म्हणालो तर म्हणाले, आम्हीच येऊ. आले नाहीत. भाऊबीजेला मला कुणी ओवाळलं नाही. मी ते तिच्या आजारपणाच्या नावावर टाकलं आणि उत्तरपत्रिका तपासायला बसलो.

मग तो सिनेमा. एका रविवारी दुपारी बायकोनं हट्टानं थिएटरात नेलं. बाहेरच्या देशातला, हिंदीत डब केलेला. मला असले सिनेमे बघताना दिग्दर्शकाच्या चुका पकडायची सवय आहे. गोष्ट अशी, की एक नवरा घरातली घड्याळं रोज थोडी पुढं-मागं करतो. बायको सगळीकडं उशिरा पोचते नाहीतर लवकर पोचते. लोक हसतात, मग कीव करतात. शेवटी तिचा स्वतःवरचा विश्वास उडतो. मी बायकोच्या कानात म्हणालो, "कुठला नवरा एवढे उपद्व्याप करून राहिला?" ती पडद्याकडंच बघत होती.

पडद्यावरची बाई एक वही लिहायला लागते. शाळेची घंटा किती वाजता झाली, घरातलं घड्याळ तेव्हा काय दाखवत होतं. वही पिठाच्या डब्यात लपवते. एक दिवस नवराच तक्रार करतो आणि चौकशीला एक पोलीस येतो. चांगला माणूस, मिशीवाला, पोटुशी बायको घरी असलेला. घर तपासताना त्याच्या हाताला वही लागते. तो दोन पानं चाळतो, त्याला बाईची दया येते, आणि तो वही नवऱ्याच्या हातात देऊन म्हणतो, "यांची काळजी घ्या."

अख्खं थिएटर हळहळलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अबे येड्या, वाच की नीट!"

लोक हसले. मला वाटलं, तो मागचा माणूस मला ओळखतो. मी वळून बघितलंही. अंधारात नुसती डोकी दिसत होती. मग मला बायकोचा संशय आला. हा सिनेमा हिनं आधी बघितला असणार, मुद्दाम मला आणलं असणार. मध्यंतरात मी तिला तसं विचारलं. ती म्हणाली, "हाव. गेल्या हप्त्यात शेजारच्या बाईसंगं बघितला. तुम्हाला तोंडानं सांगून पटलं असतं का?"

बाहेरच्या पायरीवर बसून मी मोबाईलमधला तो फोटो मोठा करून बघितला. पाच ओळी. पंचमीला मी त्या पकडल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. आता शेवटच्या ओळीवर नजर थांबली. शुक्रवार. काही झालं नाही. ते बाहेरगावी. मी वीस वर्षं पोरांना शिकवतोय, की एक घटक काढून घेतला आणि क्रिया थांबली, तर कारण तोच घटक. नापास होणाऱ्या पोरालाही हे येतं. माझी बहीण त्या कागदावर प्रयोग लिहीत होती, आणि मी तो तिच्या नवऱ्याच्या हातात नेऊन दिला होता. सिनेमाचा उरलेला भाग मी बघितला नाही. ती बाई सुटते एवढं बायकोनं नंतर सांगितलं.

आता तिला बाहेर कसं काढायचं? फोन त्यांच्या हातात. घर त्यांच्या नजरेखाली. मी नुसता दारात जाऊन उभा राहिलो असतो तर ते हळू आवाजात म्हणाले असते, सर, गोळ्या चालू आहेत, आणि सगळ्या गल्लीनं त्यांच्या बाजूनं मान हलवली असती. शिवाय त्यांचं फोनवरचं दवाखान्याचं बोलणं मला आता वेगळंच ऐकू यायला लागलं होतं. चारदा ते म्हणाले होते, "एकदा भरती करावं लागेल, सर. माहेरकडून तुमची सही लागेल." एकदा डोक्याच्या दवाखान्यात भरती झाली, आणि तीही सख्ख्या भावाच्या सहीनं, की मग तिचं खरं कोण धरणार होतं? तेवढी एकच गोष्ट आता राहिली होती. मी सही केली नव्हती.

वाट बायकोनं काढली. पंधरा दिवसांवर येळवस होती. वेळ अमावस्येला लातूरकडं घरात कुणी थांबत नाही. बाजार बंद, सगळं शहर शेतात. कडब्याची कोप उभी करायची, पाच दगडांची पूजा करायची, भज्जी, उंडे, आंबील खायची. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी नेतंच. दाजींचं शेत किल्लारीजवळ. मी फोन केला, "यंदा येळवशीला आम्ही येऊ म्हणतो, दाजी." पलीकडं जरा थांबून आवाज आला, "या ना सर. आनंदच आहे." ते जरा थांबणं मी पुढं पंधरा दिवस पुन्हा पुन्हा ऐकत राहिलो.

लातूर ओलांडताना रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गाडी मी डांबरी रस्त्याच्या कडेला लावली, तोंड लातूरकडं करून. हेही बायकोनंच सांगितलं. तिथून काळ्या रानातून पायवाटेनं पाऊण मैल चालायचं. दोन्हीकडं ज्वारी डोक्याएवढी, हरभरा घाट्यावर आलेला, आणि प्रत्येक शेतात एक कोप, तिच्याभोवती माणसं.

दाजी सामोरे आले, पाया पडले. त्यांची आई कोपीपुढं वाढत होती. बहीण आंबिलीच्या मडक्यापाशी बसली होती. डोक्यावर पदर, खाली मान. मी समोर आलो तरी तिनं वर बघितलं नाही. मी म्हणालो, "कशी हायस?" दाजी म्हणाले, "बरीय."

जेवायला बसलो. दाजींनी आंबिलीचा पहिला घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "मीठ दोनदा घातलं वाटतं आज." त्यांच्या आईनं घोट घेऊन मान हलवली, "व्हय बाई, खारटढाण झाली. हिच्या कायबी ध्यानात राहत न्हाई बघा."

मीही पेला तोंडाला लावला. मीठ अगदी बेतशीर होतं. आमच्या आईच्या हातचं होतं तसं. मी दाजींकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते, शांतपणे, जसा मी पर्यवेक्षकाच्या खुर्चीतून पोरांकडं बघतो तसं. त्यांना माझं उत्तर हवं होतं. खरं बोललो असतो तर त्यांना आमच्या बेताचा वास लागला असता आणि तिला शेतातून हलू दिलं नसतं. म्हणून मी म्हणालो, "हां, जरा जास्तच झालंय."

तेव्हा तिनं मान वर केली. पंचमीनंतर पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, आणि परत खाली घातली.

जेवणं झाल्यावर बायकोनं ठरल्याप्रमाणं विषय काढला. येळवशीला आपल्याच कोपीवर जेवून चालत नाही, शेजारच्यांच्या कोपींवर जाऊन घास खावा लागतो, नाही गेलं तर लोक वर्षभर बोल लावतात. "आम्ही बाया जरा दोन-चार कोपी फिरून येतो," ती म्हणाली. दाजी लगेच उठले, "चला, मीपण येतो. हिला एकटं सोडायला नको." मग मीही उठलो.

पहिल्याच शेतात एक म्हातारा शेतकरी, आवाज खणखणीत. पुरुषांची पंगत एकीकडं, बायकांची कोपीमागं. बायको बहिणीला घेऊन मागं गेली. आम्ही दोघं पंगतीत बसलो. एक घास खाऊन दाजी उठायला लागले, तसा मी म्हणालो, "काका, आमचे दाजी लई लाजरे. पोटभर वाढल्याबिगर सोडू नका बरं."

म्हाताऱ्याला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं दाजींचा दंड धरला. "बस रं! उठतो कसा? येळवस हाय! आमच्या कोपीवरून अर्धपोटी जाशील व्हय?" पंगतीतले सगळे ओरडले. पत्रावळीवर दोन उंडे, वर भज्जीचा डोंगर, वर तुपाची धार. दाजींनी चौघांत कधी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. इतकी वर्षं जोपासलेला तो मऊपणा त्यांना त्या दिवशी सोडता आला नाही. ते हसत बसले. फक्त डोळे कोपीमागं जात होते. मी म्हणालो, "हात धुऊन येतो," आणि ज्वारीत शिरलो.

तेवढ्यात त्या दोघी कोपीमागून निघून दोन शेतं पुढं गेल्या होत्या. पळायची सोय नव्हती. येळवशीला पळणारा माणूस मैलभरावरून दिसतो. आणि चालणाऱ्याला कुणी जाऊ देत नाही. "ओ पाव्हणं, घास खाऊन जावा!" पहिल्या हाकेला मी हात हलवून पुढं निघालो, तर एक माणूस आडवा आला आणि रुसलाच, "आमचं अन्न चालत न्हाई का तुम्हाला?" त्याच्या कोपीवर बसलो. उंडा मोडून तोंडात घातला. तो माझ्या गावाचं नाव, कुणाचा कोण, सगळं विचारत होता, आणि मी एकेक उत्तर देताना विचार करत होतो, हा दाजींचा माणूस तर नसेल? हा अजून अर्ध्या तासानं त्यांना सांगेल. बायकोनं नंतर सांगितलं, त्या दोघींनाही तीन ठिकाणी बसवलं. तिसऱ्या कोपीवर बहिणीला ठसका लागला आणि तिथल्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर ही अंग चोरून बाजूला झाली. दंडावर बोटांचे जुने हिरवे वळ होते.

मी डांबरी रस्त्यावर पोचलो तेव्हा दोघी गाडीपासून दहा पावलांवर उभ्या होत्या. बायको तिचा हात धरून पुढं ओढत होती. ती जागची हलत नव्हती.

"दादा, कुठं नेऊन राहिलास मला?"

"घरी. नांदेडला."

"दवाखान्यात न्हाई ना?"

"न्हाई, बाई."

"आंबील खारट हाय म्हणलास तू."

"नव्हती. मीठ बेतशीर होतं. मी खोटं बोललो."

"मग तवा खोटं बोललास का आता बोलून राहिलास?"

मागं रानातून माणसांचे आवाज येत होते. कुठल्याही क्षणी ज्वारीतून दाजी बाहेर येतील असं वाटत होतं. बायको रडकुंडीला आली होती. बहीण मात्र शांत होती. ती दोन पावलं पुढं आली आणि म्हणाली, "खिसे दाखव."

मी हात वर केले.

तिनं सगळं काढलं. शर्टाचा खिसा, पँटचे चारही खिसे. रुमाल, चष्म्याचं घर, गाडीची किल्ली. रुमाल झटकून बघितला. सहीचा कागद शोधत होती ती, दवाखान्याचा. शेवटी मोबाईल. "उघड," म्हणाली. मी उघडून दिला. तिला हवं ते तिनं बरोबर शोधलं. तिच्याच चिठ्ठीचा फोटो. त्याखाली माझी ओळ, तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्याखाली धन्यवाद सर. येताना वाटेत ते पुसून टाकावं असं मला दोनदा वाटलं होतं. पुसलं नाही, तेवढं एक बरं केलं. ती सगळं वाचत होती, सावकाश, एकेक अक्षर, आणि त्याच वेळी तिच्या हातात तो मोबाईल वाजला. पडद्यावर 'दाजी लातूर'.

तिचा चेहरा पांढरा पडला. तरी मोबाईल तिनं माझ्यापुढं धरला आणि आवाज मोठा केला. "बोल."

"सर, कुठं आहात? ती सोबत आहे ना?"

मी तिच्याकडं बघत म्हणालो, "हाय की. माझ्यासमोरच हाय. आम्ही पुढच्या कोपीवर बसलोय. तुम्ही निवांत जेवा."

"गोळीची वेळ झाली तिची."

"देतो ना पाठवून." तिनं फोन कट केला. माझा एक हात अजून वरच होता, हे बायकोनं खाली ओढला तेव्हा कळलं.

बहिणीनं मोबाईल बंद करून स्वतःच्या कमरेला खोचला. मागचं दार उघडून बसली, दार लावलं, आतून परत उघडून बघितलं, परत लावलं. असं दोनदा केलं. मग म्हणाली, "चल."

औशापासून एक मोटारसायकल मागं लागली. लातूर येईपर्यंत आरशातून हलेना. मी वेग वाढवला की ती वाढवायची. लातूरच्या अलीकडं ती बाजूनं पुढं गेली, तर नवरा-बायको आणि मध्ये भज्जीचं पातेलं. गाडीत आम्हा तिघांपैकी कुणी हसलं नाही.

पुढं, अशा वेळी जे होतं तेच सगळं झालं. पोलीस ठाणं, वकील, त्यांच्याकडच्या लोकांचे निरोप. भावानं वेडी बहीण पळवून नेली असं लातुरात अजून सांगतात, हळू आवाजात. पंचमीच्या त्या फोटोनंतर त्यांनी घरात पेन ठेवायचं बंद केलं होतं, हे तिनं वकिलापुढं सांगितलं तेव्हा मला कळलं. घराखालच्या अभ्यासिकेत दीडशे पोरं लिहीत बसायची आणि वर एक पेन नव्हतं. आता ती आमच्या वरच्या खोलीत राहते, एका खासगी शाळेत शिकवते. खोलीची एक किल्ली तिच्याकडं, एक तिच्या वहिनीकडं. माझ्याकडं नाही, आणि मी मागितलेली नाही.

परीक्षेच्या आधी भरारी पथकाचं पत्र आलं. मी नकार लिहायला बसलो होतो, कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं. ती चहा घेऊन आली, पत्र वाचलं आणि समोर बसली.

"ती चिठ्ठी मी तुलाच दाखवायला आणली व्हती," ती म्हणाली. "आल्यापासून बघून राहिले व्हते, तू एकटा कवा बसतोस. वारुळाहून आल्यावर देणार व्हते."

मी म्हणालो, "मग तेव्हाच सांगायचं ना, बाई. समोर बसवून विचारलं होतं की मी."

"तू विचारलंच न्हाईस, दादा," ती म्हणाली. "पकडलीस."